साहेबाने पाहिलेली बाग

डिसेंबर लागला की आमच्या नरखेडकडचे मोटारपंप गप्प होतात. वर्षभर त्या आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही, पण तो थांबला की कानाला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. विहिरीत पाणी असतं, तारेत लाइट असते, आणि तरी संत्र्याच्या बागा कोरड्या ठेवलेल्या असतात, मुद्दाम. याला ताण देणं म्हणतात. झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, थोडी गळू द्यायची. झाडाला वाटतं, आपण आता काही जगत नाही. मग पाणी सोडलं की ते जिवाच्या भीतीने अंगभर फुलतं. तो आंबिया बहार. फेब्रुवारीत त्याचा वास सुटतो, आणि माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी नागपूरहून गाडी काढून तो वास घ्यायला इथे येतात, डोळे मिटून झाडाखाली उभ्या राहतात, फोटो काढतात. मला तो वास सहन होत नाही. त्या बागेत असतात तेव्हा मी घरात बसून चहा करते.

यंदा संक्रांतीला दादाकडे आले तेव्हाही पंप गप्पच होते. दादाचं घर बागेतच आहे. फाटकातून आत शिरले, दोन्ही बाजूंना ती मान टाकलेली झाडं पाहिली आणि त्या माणसाची आठवण होऊन तोंड कडू झालं. दर वर्षी होतं. तिळगुळाने ते जात नाही.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक मोबाइल काढतात आणि तो गोल शोधून बघत बसतात. एकच गोल, मैदानाच्या जवळजवळ मध्यातून मारलेला, गोलकीपर मागे पळता पळता पडतो तो. त्या एका गोलावर हा इसम अर्धं आयुष्य जेवला. इंग्लंडचा निवृत्त मिडफिल्डर, असं त्याच्या स्वागताच्या फलकावर लिहिलं होतं. नागपूरबाहेर वर्धा रोडला एका बिल्डरने फुटबॉल अकादमी काढली होती, तिथे तो एका हिवाळ्यापुरता कोच म्हणून आला. मुलींच्या संघाला त्याचं इंग्रजी कळेना. मुलींचं सोडा, मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, मलाही पहिले काही दिवस तो घोटभर पाणी तोंडात धरून बोलतोय असंच वाटत होतं. पण त्या संघात माझी भाची होती, वैशू, दादाची एकुलती एक. ती शिकायला माझ्याकडे राहायची. तिच्यामुळे अकादमीवाल्यांनी मला दुभाषी म्हणून धरलं, आणि मीही हौसेने गेले.

वैशू तेव्हा बारावीला होती. तीही मिडफिल्डला खेळायची. मधे खेळणं म्हणजे काय, हे मला तिनेच समजावलं होतं. "आत्या, मागून आलेला चेंडू घ्यायचा अन् समोर देऊन द्यायचा. गोल दुसरीच मारते, फोटोबी तिचाच येते." "मग तू काहून खेळतेस वं तिथं?" मी विचारलं. "काहून म्हणजे? सारं मैदान तिथूनच दिसते न." गावाकडे बागेतल्या दोन ओळींमधल्या पट्ट्यात चेंडू घेऊन पळत मोठी झालेली मुलगी. झाडाला चेंडू लागला की दादा ओरडायचा, आणि ती झाडाची माफी मागायची.

एक गोष्ट मान्य करायला हवी, नाइलाज आहे. त्याला खेळ येत होता. चेंडू पायाशी येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घ्यायचं, मागे कोण आहे ते डोक्यात ठेवायचं आणि मगच चेंडू घ्यायचा, हे त्याने वैशूला शिकवलं. सकाळी धुक्यात तो तिच्या मागे उभा राहून हात वर करायचा आणि तिने न थांबता किती बोटं ते सांगायचं. ती इतकी पटकन शिकली की तो पहिल्यांदाच हसला. त्याचं हसणंही मला आवडलं नाही. सावकार बैलाचे दात पाहून हसतो तसं होतं ते.

त्याची कारकीर्द मी त्याच्याच तोंडून ऐकली, आणि एकदा नाही. इंग्लंडच्या उत्तरेला कुठलंसं कोळशाचं गाव, खाण बंद पडलेली, बाप घरी बसलेला. पोराच्या पायात खेळ आहे हे क्लबच्या माणसाने हेरलं. शाळा सुटली, क्लबात मोठ्या खेळाडूंचे बूट घासले, कुणी घाणेरडं बोललं तर ऐकून घेतलं. मग पहिला सामना, मग वरच्या डिव्हिजनचा क्लब, मग तो गोल. देशाच्या संघातही गेला, बहुतेक वेळ बाकावर बसला, एकदा शेवटच्या काही मिनिटांसाठी उतरला. मग गुडघा गेला. क्लबच्या मॅनेजरने त्याला गुडघ्यात इंजेक्शन देऊन खेळवलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा, आणि त्या अख्ख्या सीझनभर तो खेळला, आणि म्हणे आयुष्यातलं सगळ्यात चांगलं खेळला. पुढच्या वर्षी क्लबने त्याला विकला. मग खालचा क्लब, मग त्याच्या खालचा, मग कुठल्याशा वाळवंटातल्या देशात एक वर्ष, मग निवृत्ती, मग टीव्हीवाल्यांचा फोन येईल म्हणून वाट पाहणं, मग वर्धा रोड.

हे सगळं तो फुशारकीने सांगायचा! लुबाडलेला माणूस लुबाडणाऱ्याचं कौतुक करतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगाची आग होते. एकदा तो माझ्या घरी जेवायला आला होता. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जाताना मी दारात उभी होते आणि तो जिना उतरत होता, कठड्याला धरून, आडवा, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, अगदी वर्षाच्या पोरासारखा. वय माझ्याहून कमी. मधेच थांबून म्हणाला, मॅनेजरने इंजेक्शनचं विचारलं तेव्हा माझे वडील तिथेच होते, त्यांनी एक प्रश्न विचारला नाही, नुसती मान हलवली, इतका विश्वास होता त्यांचा. मला दया आली. तो फाटकापर्यंत पोहोचेतो टिकली. पुढे जे झालं त्यानंतर ती मी परत घेतली, आणि अजून कोणाला दिलेली नाही.

डिसेंबरात वैशूने त्याला गावी आणलं. तिचीच हौस, कोचला बाग दाखवायची. दादाने नवा शर्ट घातला होता. जेवायला पंगत मांडली, तर साहेबाला खाली बसता येईना. शेजाऱ्याकडून स्टूल आणलं, आणि तो आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर बसून जेवला. वहिनीने भिवापुरी मिरचीचा ठेचा वाढला, तो त्याने पैज मारल्यासारखा खाल्ला, डोळ्यांतून पाणी येईतो, आणि अजून मागितला. दादा खूश. मग सगळे बागेत फिरायला निघालो. झाडांना ताण दिलेला होता, पानं लोंबत होती, जमीन भेगाळली होती. साहेब थांबला आणि मला म्हणाला, हा माणूस झाडं मारतोय का?

मी दादाला विचारलं. दादा असा हसला की जणू ह्याच प्रश्नाची वाट पाहत होता. "मारून नाई राहिलो साहेब. ताण देऊन राहिलो. पाणी दिलं तं झाड नुसतं पानावर जाते, माजते. तहानलं म्हणजे बहार देते."

मी भाषांतर केलं. साहेब ते ऐकून दादाजवळ गेला. मग त्याने दादाच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, ह्याला सांग, माझ्या मॅनेजरने माझं नेमकं हेच केलं होतं. मी तेही सांगितलं. दादा म्हणाला, "पाह्य, समजते याले." दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण परतीच्या वाटेवर ते हातात हात घालून चालले होते, आणि आम्ही दोघी मागून. वैशू खुशीत होती. माझ्या मनात मात्र तेव्हाच पाल चुकचुकली. दादाने सांगितलं ते अर्धंच होतं. लहान झाडाला, बहाराच्या वयात न आलेल्या झाडाला, ताण देत नाहीत. आणि ताण दिला की माणूस घरी बसत नाही, रोज सकाळी बागेत जाऊन पान पाहतो, एका हद्दीपर्यंत सुकलं की त्याच दिवशी पाणी सोडतो. दादाला हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या हाताला ते येत होतं, म्हणून ते त्याच्या तोंडून निघालं नाही. आणि साहेबाला पुढचं ऐकायचंच नव्हतं.

जानेवारीत राज्याच्या संघासाठी निवडीचा सामना होता. त्याच्या आधी वैशूचा उजवा गुडघा सुजला. डॉक्टरने एमआरआय पाहून सांगितलं, आतलं लिगामेंट अर्धं फाटलंय, काही महिने मैदानात पाय ठेवायचा नाही, पूर्ण फाटलं तर खेळ संपला. मी हे कोचला जसंच्या तसं सांगितलं. त्याने हात झटकला. म्हणाला, ह्याहून वाईट गुडघ्यावर मी अख्खा सीझन काढलाय. पट्टी बांधू, इंजेक्शन देऊ. पुढच्या वर्षी हिला कोण पाहणार आहे?

मी दादाला बोलावून घेतलं. बापाचं म्हणणं कोच टाळू शकणार नाही, असा माझा हिशेब. दादा सकाळच्या एसटीने आला, साहेबासाठी संत्र्यांचं पोतं घेऊन. वहिनीने निघताना त्याला बजावलं होतं, "पोरीले घरी घेऊन या. मले नाई पाहिजे राज्य-बिज्य." अकादमीच्या ऑफिसात आम्ही चौघं बसलो. वैशू पाय लांब करून बसली होती, गुडघ्यावर ओला टॉवेल. मी डॉक्टरचं सगळं सांगितलं. दादा ऐकत होता, बोटांनी टोपीची कड चुरगाळत होता. मग साहेब मला म्हणाला, ह्याला सांग, हा ताण आहे. सांग, ही फुलणार आहे.

मी तेही शब्दाला शब्द सांगितलं. मला वाटलं, हा निव्वळ मूर्खपणा कानावर पडला की दादा उठेल आणि पोरीला हाताला धरून बाहेर काढेल. झाड आणि पोरगी ह्यातला फरक ज्याला कळत नाही, त्याला माझा भाऊ चार शब्द सुनावेल. दादाने वैशूकडे पाहिलं. साहेबाकडे पाहिलं. आणि मान हलवली.

"दादा!" मी ओरडलेच. "अरे, तुले कळते काय तू काय करून राहिला?"

"शालू, तुले बागेतलं काय समजते?" तो म्हणाला. "ताण दिल्याबिगर बहार नाई येत."

मी वैशूकडे वळले. ती म्हणाली, "खेळतो मी आत्या. बाबा हो म्हणून राहिले न." सतराव्या वर्षी ज्या दोन माणसांवर जीव टाकला, त्या दोघांचं एकमत झालेलं. ती दुसरं काय म्हणणार होती?

सामन्याबद्दल मी फार लिहिणार नाही. थंडी होती, ऊन छान होतं, भुईमुगाच्या शेंगा विकणारा फिरत होता. पहिल्या अर्ध्यात वैशू जशी खेळली तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. दोन्ही खांद्यांवरून मागे पाहायची, चेंडू यायचा, आणि तिने तो कुठे दिला ते आम्हाला कळेपर्यंत पुढची मुलगी गोलसमोर पोहोचलेली असायची. निवड करणारे माना डोलावत होते. दादा माझ्या शेजारी बसून शेंगा फोडत होता, खात नव्हता, नुसत्या फोडून मांडीवर ठेवत होता. दुसऱ्या अर्ध्यात ती वळली आणि खाली बसली. कोणी धक्काही दिला नव्हता. साहेबाने कडेवरून टाळ्या वाजवल्या आणि ओरडला, "गुड गर्ल! अप! अप!" ती उठली. एक पाऊल टाकलं. मग पुन्हा बसली, आणि ह्या वेळी आमच्याकडे पाहिलं. दादाच्या मांडीवरच्या शेंगा सगळ्या सांडल्या.

ऑपरेशन झालं, मग दुसरं झालं. फाटलेलं जोडलं, पण पाय तो राहिला नाही. साहेब दवाखान्यात एकदा आला, फुलं घेऊन. म्हणाला, ती शूर आहे, तिला सांग. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तिला एव्हाना तुमचं इंग्रजी कळतं. तो दारातूनच परत गेला. मार्चमध्ये करार संपला आणि तो मायदेशी निघून गेला.

त्या वर्षी आमच्या बागेला असा बहार आला की गावातली माणसं बघायला यायची. पान दिसत नव्हतं, नुसती पांढरी फुलं. वैशू पायाला पट्टा बांधून अंगणात बाजेवर पडलेली असायची आणि तो वास रात्रंदिवस तिच्या अंगावरून वाहायचा. माझं त्या वासाशी तेव्हापासून वैर आहे. दादाशीही होतं. बरीच वर्षं मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. तो मात्र पोरीशी जास्तच गोड बोलायचा, तिच्यासाठी सेल्फवाली मोटरसायकल आणली, कारण उजव्या पायाने किक मारणं तिला जमत नाही. पण त्या सकाळचा विषय त्याने कधी काढला नाही. चुकलं, हा एक शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकला नाही. वैशूने तो कधी मागितला नाही, मी मात्र वाट पाहत होते.

आता बाग वैशूच पाहते. फवारणी, छाटणी, ओलीत, सगळं. दादाचा हुकूम फक्त ताणाच्या दिवसांत चालतो. ताण कधी द्यायचा आणि कधी तोडायचा, हे तोच ठरवतो.

तर यंदाची संक्रांत. सकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. दादा बाजेवर, मी खुर्चीत, वैशू पायरीवर पाय लांब करून. दादाच्या मोबाइलवर कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला होता. परदेशातला मोठा हॉल, मंचावर साहेब, केस पिकलेले, कोट घातलेला. तो आता कंपन्यांच्या लोकांना भाषणं देतो. दादाने आवाज मोठा केला आणि मला म्हणाला, "काय म्हणते सांग न वं."

मी ऐकलं. साहेब सांगत होता की भारतात नागपूरजवळ एका संत्रेवाल्याने त्याला यशाचं गुपित शिकवलं. झाडाला तहानलेलं ठेवा. मरणाच्या दारात नेऊन उभं करा. मग पाहा. समोरची माणसं टिपून घेत होती. आमची बाग, आमची पानं, माझ्या भावाची वाक्यं, आणि हा पठ्ठ्या ती हॉल भाड्याने घेऊन विकतोय! त्यात एका मुलीचा उल्लेख नव्हता. मी दादाला सगळं सांगितलं, ह्या वेळीही शब्दाला शब्द.

दादाचा चेहरा उजळला. खोटं कशाला सांगू, उजळलाच. "माह्यं नाव नाई घेतलं त्यानं," तो म्हणाला, "पण तो संत्रेवाला म्हणजे मीच न. वैशू, पाह्यलं काय? ध्यानात ठेवलं साहेबानं."

वैशू उठली. उठताना तिचा गुडघा वाजतो, तो वाजला. ती अंगणाला लागून असलेल्या विहिरीकडे चालू लागली. स्टार्टरच्या पेटीजवळ पोहोचल्यावर ती थांबली, आधी डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग उजव्या. आम्ही दोघं कुठे आहोत ते तिने पाहून घेतलं. मग बटण दाबलं. इतक्या आठवड्यांनंतर मोटर गुरगुरली आणि पाइपातून पाणी दांडाच्या पाटात पडलं.

दादा मोबाइल बाजेवर टाकून धावला. "अवं काय करून राहिली? अजून आठ-दहा दिवस बाकी हायेत! ताण पुरा नाई झाला, यंदाचा बहार जाईन!"

"जाऊ द्या."

"जाऊ द्या म्हणजे? वर्षाचं पीक हाये वं!" त्याने बंद करायच्या लाल बटणाकडे हात नेला. ती आडवी आली नाही. बाजूला सरकून तिने त्याला जागा करून दिली. तिथेच जवळ एक झाड होतं, दादाने सवयीने त्याचं पान हातात धरलं. "पान पाह्य न हे. अजून दम हाये याच्यात. मी रोज पाहून राहिलो. पान पाह्यल्याबिगर कोनी ताण तोडते काय?"

"बाबा," वैशू म्हणाली, शांतपणे, जशी ती पूर्वी झाडाची माफी मागायची तशा आवाजात. "तवा माह्यं पाह्यलं होतं काय?"

दादाच्या हातात ते पान तसंच राहिलं. मी इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट पाहत होते तो आताही आला नाही. लाल बटणाकडे गेलेला हात त्याने खाली घेतला आणि तो दांडाच्या कडेला, मातीत, नव्या धोतरानिशी बसला. पाणी त्याच्या पायापाशी आलं, वळलं आणि पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं.

अंगणात बाजेवर मोबाइल चालूच होता. साहेबाचं भाषण संपलं असावं, कारण टाळ्या वाजत होत्या. त्या बंद करायला कोणी उठलं नाही.